ज्यांना ऐकायला बंदी होती, त्यांनीच रेडिओ घडवले

आत्ता कानात इअरफोन घालून तुम्ही मला ऐकताय. त्यासाठी कुणाची परवानगी काढलीत का? नाही ना? मग आजची गोष्ट ऐकाच.

दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये सामान्य माणसाला शॉर्टवेव्ह ऐकायला बंदी होती. घरोघरी रेडिओ होते, पण त्यावर देशातलंच प्रसारण लागायचं. परदेशातला आवाज कानावर पडू नये, हा हेतू. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, त्यांचे संच तर डिसेंबर १९४१मध्येच बंद पडले. युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९४५मध्ये, ऐकण्यावरची बंदी उठली. पण हॅमना पुन्हा बोलण्याचं लायसन्स मिळायला १९५२ साल उजाडलं.

मग मधली सहा-सात वर्षं काय केलं? ऐकलं! आणि ऐकायला रिसीव्हर हवा.

१९४६मध्ये नागानो प्रांतात, आजच्या कोमागाने शहरात, कासुगा नावाचा छोटा उद्योग सुरू झाला. काम काय, तर रेडिओचे सुटे भाग बनवायचे. १९६०मध्ये त्याचं नाव झालं ट्रायो. पुढे १९८६मध्ये केनवूड. हो, कारमधल्या स्टिरिओवर दिसतं तेच नाव!

ट्रायोचा ९आर-५९ हा रिसीव्हर मला फार आवडतो. व्हॉल्व्हचा जड लोखंडी डबा. मीडियम वेव्हपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकू येणार. तो किट म्हणूनही मिळायचा. सोल्डरिंग करा, स्वतः जोडा, पैसे वाचवा. १९५९पासून जपानमध्ये हॅमची सोपी परीक्षाही सुरू झाली होती. त्यामुळे शाळकरी पोरंसुद्धा यात उतरली.

पण एक त्रास होता. व्हॉल्व्ह तापले की स्टेशन हळूहळू सरकायचं. सारखं बटण फिरवत बसा!

यावरचं उत्तर सत्तरच्या दशकात याएसू कंपनीने घराघरात आणलं. रिसीव्हरचं नाव एफआरजी-७. चाहते त्याला लाडाने 'फ्रॉग सेव्हन' म्हणतात. आतली युक्ती दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॅडली यांची. रिसीव्हरमधला ऑसिलेटर सरकला, की ती चूक एका टप्प्यात मिळवली जाते आणि पुढच्या टप्प्यात तेवढीच वजा होते. चूक कायम, परिणाम शून्य! आधी ही युक्ती महागड्या व्यावसायिक संचांत असायची.

त्याच दशकात जपानी मुलांना परदेशी स्टेशनं ऐकायचं वेड लागलं. सोनीचा स्कायसेन्सर ५८०० आला १९७३मध्ये. मुलं रात्री जागून ऐकायची, काय ऐकलं ते स्टेशनला पत्राने कळवायची आणि उत्तरादाखल आलेली रंगीत कार्डं जमवायची. आता हिशोब करा. यातल्या कित्येकांचे आईवडील त्याच बंदीच्या काळात लहानाचे मोठे झाले होते.

जपानी रेडिओ जगभर खपले ते स्वस्त होते म्हणून, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरंही आहे. पण मला वाटतं, त्यामागे ऐकण्याची साठलेली भूकही होती. कान बंद ठेवायला लावलेल्या माणसाला एकेका स्टेशनची किंमत कळते.

घरात माळ्यावर आजोबांचा जुना रेडिओ असेल, तर खाली काढा. एसडब्ल्यू लिहिलेला बँड लावा आणि रात्री सावकाश काटा फिरवा. खरखरीतून एखादी अनोळखी भाषा आली, तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!