तळटीप : ‘मुका मार’

* मुका मार : रक्त न दिसणारी इजा. सावदा-रावेर पट्ट्यात केळी भरताना ट्रकवरून पडलेला माणूस उठून बोलू लागला, की ‘मुकाच मार आहे’ म्हणून त्याला घरी नेण्याची चूक होऊ शकते. डोक्याच्या बाबतीत हा शब्द घात करतो. कानशिलाच्या आतली रोहिणी फाटली, तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते. मधले काही तास माणूस शुद्धीवर असू शकतो. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, डोळ्याची एक बाहुली मोठी होणे, यांतले काहीही दिसताच सीटी स्कॅन हवा. शुद्धी १९७४ साली मांडलेल्या ग्लासगो मापनाने ३ ते १५ गुणांत मोजतात. ८ किंवा कमी गुण म्हणजे इजा गंभीर. साचलेले रक्त वेळेत काढले, तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. – संपादक