उन्हात दिसणारी काच

गेल्या महिन्यात एक मुलगा वडिलांचा जुना गेम बॉय, म्हणजे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, दुरुस्तीला घेऊन माझ्याकडे आला. राखाडी प्लास्टिक पिवळं पडलेलं, डिस्प्लेवर तीन उभ्या कोऱ्या रेघा. म्हणाला, "ताई, ही काच काढूनच टाका. आता मोबाइलसारखा झगझगीत डिस्प्ले मिळतो ना?" मिळतो, आणि मी बसवूनही देते. पण ही काच तिथे कशी आली, ते आधी ऐकून घे म्हटलं.

मूळ कॅल्क्युलेटरमध्ये आहे. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी कॅल्क्युलेटर स्वस्त करण्याची चढाओढ लावली आणि एलसीडीची काच मुबलक झाली. क्योतोच्या निन्टेंडो या खेळांच्या कंपनीत गुनपेई योकोई हे अभियंते होते. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला प्रवासी त्यांनी पाहिला आणि त्यातून 1980 साली 'गेम अँड वॉच' हा खिशात मावणारा खेळ निघाला, असं सांगतात. नवंकोरं तंत्र महाग असतं. मुरलेलं, स्वस्त झालेलं घ्या आणि त्याला वेगळं काम द्या, हा योकोईंचा आग्रह. बाबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी हेच बघत वाढले, त्यामुळे हा माणूस मला घरातला वाटतो.

एप्रिल 1989 मध्ये जपानात गेम बॉय आला तो याच विचाराने. शार्पची काच, 160 बाय 144 ठिपके, शेवाळी हिरव्यावर चारच छटा. आत दिवा नाही. खोलीतला उजेड काचेतून आत जातो, मागच्या थरावरून परततो, आणि जिथे अडतो तिथे आपल्याला चित्र दिसतं. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोन्ही रंगीत, दोन्ही आतून उजळलेले. पण सहा सेल घालायचे आणि चार-पाच तासांत ते बसायचे. गेम बॉय चार सेलवर 15 तास सहज चाले. खप त्याचाच झाला. मामाने दुबईहून आणलेला गेम बॉय मी गॅलरीत, ऊन सरकेल तशी सरकत खेळले आहे.

2001 चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स रंगीत होता, दिवा मात्र त्यातही नव्हता. रंगाच्या गाळण्या उजेड खातात, त्यामुळे संध्याकाळनंतर त्यावर काही दिसेना. तेव्हा लोकांनीच यंत्रं उघडली. 2002 मध्ये अमेरिकेत 'आफ्टरबर्नर' नावाचं किट निघालं. काचेसमोर पातळ पारदर्शक पट्टी बसवायची, तिच्या कडेने उजेड सोडायचा. आतलं प्लास्टिक कापायचं, तारांना डाख द्यायचा, आणि धुळीचा एक कण जरी आत राहिला तरी सगळं पुन्हा उघडायचं. पुढच्याच वर्षी निन्टेंडोने अ‍ॅडव्हान्सच्या एसपी मॉडेलमध्ये स्वतः समोरून दिवा दिला. 2005 च्या सुधारित एसपीत तो काचेच्या मागे गेला. ती काच इतकी सुरेख होती की ती काढून जुन्या अ‍ॅडव्हान्समध्ये बसवायची रीतच पडली. त्यापायी कितीतरी धडधाकट एसपी मोडले गेले. ते मला अजून सलतं. नंतर नवी आयपीएस पॅनेलं तयार मिळू लागली, तेव्हा कुठे ही मोडतोड कमी झाली.

या मुलाच्या गेम बॉयची काच मात्र मेलेली नव्हती. उभ्या रेघा येतात त्या काचेच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीमुळे. वयाने तिथला गोंद सुटतो आणि ठिपक्यांच्या त्या रांगेपर्यंत वीज पोचत नाही. बाहेरचे स्क्रू तीन खाचांचे, त्यांना वेगळा स्क्रूड्रायव्हर लागतो. पुढचा बोर्ड सोडवला, पट्टीवरची रबराची चीप उचलली, यंत्र चालूच ठेवलं आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक पट्टीवरून अगदी हलकं फिरवलं. दाब दिला की पट्टी जळते. उष्णतेने गोंद पुन्हा धरतो, आणि डोळ्यांदेखत रेघ भरून येते.

पहिल्या दोन लगेच भरल्या. तिसरीला वेळ लागला. तोवर तो मुलगा डिस्प्लेच्या किमती विचारत होता, मग बोलायचा थांबला. तिसरी बुजली तशी मी यंत्र बंद करून जोडलं, त्याच्या हातात दिलं आणि उजेडासाठी गॅलरीचं दार उघडलं.