नावातून हरवलेली कवयित्री : ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’ आणि त्यांची गाणी

१/१२
जपानमधील ‘ओरिकॉन’ ही संस्था गाण्यांच्या विक्रीची वार्षिक क्रमवारी प्रसिद्ध करते. तिच्या १९८९ सालच्या यादीत पहिला आणि दुसरा हे दोन्ही क्रमांक एकाच बँडचे आहेत. त्या बँडमध्ये पाच तरुणी होत्या. गाण्यांचे शब्द त्यांचे, चाली त्यांच्या आणि वादनही त्यांचेच. आजचा धागा या पाचजणींविषयी.

२/१२
आरंभ मात्र त्यांच्या हाती नव्हता. १९८३ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीने चाचणी घेऊन या पाच मुली निवडल्या आणि त्यांचा बँड उभा केला. नावही कंपनीनेच ठेवले : ‘आकासाका कोमाची’. आकासाका हा तोक्यो शहराचा एक भाग. ‘कोमाची’ या शब्दाला मात्र हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे.

३/१२
नवव्या शतकात जपानच्या राजदरबाराशी निगडित ओनो नो कोमाची ही कवयित्री होऊन गेली. ‘कोकिनशू’ या प्राचीन काव्यसंग्रहात तिच्या रचना आहेत आणि सहा श्रेष्ठ कवींच्या परंपरागत मालिकेत ती एकटीच स्त्री आहे. तिच्या रूपाच्या दंतकथा पुढे इतक्या वाढल्या, की ‘अमुक गावची कोमाची’ म्हणजे त्या गावची सुंदरी, असा अर्थ रूढ झाला. भाषेने सौंदर्य जपले. कवयित्री विस्मरणात गेली.

४/१२
पाच मुलींच्या बँडला हे नाव देताना कंपनीला काय अभिप्रेत होते, हे निराळे सांगायला नको. गाणी लिहिणारे बाहेरचे व्यावसायिक. मुलींनी ती सादर करावीत, अशी व्यवस्था होती. या व्यवस्थेतून बाहेर पडण्यास त्यांना तीन वर्षे लागली. मधल्या काळात नाव एकदा बदलले आणि १९८६ मध्ये नव्या कंपनीकडून त्या ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’ या नावाने पुढे आल्या.

५/१२
त्या पाचजणी अशा : गायिका व गिटारवादक काओरी ओकुई, गिटारवादक कानाको नाकायामा, बेसवर आत्सुको वातानाबे, ड्रमवर क्योको तोमिता आणि कीबोर्डवर तोमोको कोन्नो. गाजलेल्या गाण्यांपैकी बहुतेकांच्या चाली ओकुईच्या आणि शब्द नाकायामा किंवा तोमिताचे. कोमाचीच्या नावातून जी कवयित्री गळून पडली होती, ती येथे परत आली.

६/१२
स्त्रियांचा रॉक बँड ही गोष्ट तेव्हा जपानला अगदीच अपरिचित नव्हती. तोक्योचा ‘झेल्डा’, ओसाकाचा ‘शोनेन नाइफ’ आणि हेवी मेटल वाजवणारा ‘शो-या’ हे बँड आधीपासून होते. परंतु घराघरांत पोहोचलेली, लक्षावधी प्रतींनी खपलेली गाणी ही या पाचजणींची कामगिरी.

७/१२
१९८६ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. स्त्री-पुरुषांना नोकरीत समान संधी देण्याचा कायदा जपानमध्ये त्याच वर्षी एप्रिलपासून लागू झाला. मात्र भरती आणि बढतीतील समानतेसाठी मालकांनी केवळ ‘प्रयत्न करावा’, एवढीच त्यात अपेक्षा होती. कार्यालयातील तरुणीने चहा द्यावा, कागद आवरावेत आणि लग्न ठरताच नोकरी सोडावी, हा रिवाज चालूच राहिला. दार उघडले होते, पण अर्धेच.

८/१२
जानेवारी १९८९ मध्ये सम्राट हिरोहितो यांचे निधन झाले. शोवा पर्व संपून हेइसेई पर्व सुरू झाले. त्याच महिन्यात ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’ने तोक्योच्या निप्पॉन बुदोकान सभागृहात कार्यक्रम केला. १९६४ च्या ऑलिम्पिकमधील ज्युदोसाठी बांधलेले आणि १९६६ मध्ये बीटल्स जेथे वाजवून गेले, ते हे सभागृह. तेथे स्वतंत्र कार्यक्रम करणारा स्त्रियांचा हा पहिला बँड.

९/१२
एप्रिलमध्ये ‘डायमंड्स’ आले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पैसा तेव्हा ओसंडून वाहत होता; वर्षअखेरीस निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला. अशा काळात या गाण्यातला हिरा दुकानातला नाही. तो धडधडत्या काळजाने जगलेल्या क्षणांचा आहे. गंमत अशी, की गाण्यात रेकॉर्डवर सुई टेकण्याचा क्षण येतो आणि गाणे मात्र विकले गेले ८ सेंटिमीटरच्या चिमुकल्या सीडीवर. एक तंत्र मावळताना आणि दुसरे उगवताना या गाण्याने पकडले.

१०/१२
दुसऱ्या क्रमांकाचे गाणे म्हणजे ‘सेकाई दे इचिबान आत्सुई नात्सु’, अर्थात ‘जगातला सर्वांत तप्त उन्हाळा’. १९८७ मध्ये ते प्रथम आले तेव्हा फारसे कोणी दखल घेतली नव्हती. दोन वर्षांनी ‘हेइसेई ध्वनिमुद्रण’ म्हणून तेच गाणे नव्याने निघाले आणि देशभर दुमदुमले. शब्द तेच, चाल तीच; ऐकणारा समाज मात्र आता तयार झाला होता.

११/१२
सर्वांत दीर्घायुषी ठरले ते ‘एम’. ‘डायमंड्स’च्या सोबतीला दुय्यम म्हणून जोडलेले हे विरहगीत ड्रमवादक तोमिताने लिहिले. ‘एम’ हे दुरावलेल्या प्रियकराच्या नावाचे आद्याक्षर. पत्त्यांच्या वहीतील त्या अक्षराचे पान तिच्याने पुसवत नाही. कागदी वह्या इतिहासजमा झाल्या, तरी कॅराओकेच्या खोल्यांतून हे गाणे पुढच्या पिढ्यांनी आपलेसे केले. ड्रमच्या मागे बसलेल्या तरुणीचे खासगी दुःख असे साऱ्यांचे झाले.

१२/१२
३१ मे १९९६ रोजी बुदोकानमध्येच अखेरचा कार्यक्रम करून बँड विसर्जित झाला. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर, २०१२ मध्ये, त्या पुन्हा एकत्र आल्या, त्या केवळ आपद्ग्रस्तांसाठी. त्यातून उभ्या राहिलेल्या निधीच्या साहाय्याने सेंडाई शहरात संगीतसभागृह बांधले गेले आणि मार्च २०१६ मध्ये त्याच्या उद्घाटनाच्या काळात त्या तेथे वाजवायला गेल्या. ज्यांचे नावही एके काळी दुसऱ्यांनी ठरवले होते, त्यांनी आपल्या गाण्यांचे काय करायचे, हे मात्र स्वतः ठरवले.