न दिसलेल्या ग्रहाचा ठावठिकाणा

आपल्या पंचांगात शनीच्या पुढे हर्शल आणि नेपच्यून अशी दोन परकी नावे आढळतात. त्यांपैकी हर्शल, म्हणजेच युरेनस, हा १७८१ साली विल्यम हर्शल यांना दुर्बिणीतून आकाश न्याहाळताना अवचित सापडला. नेपच्यूनचे तसे नाही. तो आधी कागदावर सापडला आणि मग आकाशात.

युरेनसला सूर्याभोवती एक फेरी घालायला ८४ वर्षे लागतात. इतक्या संथ ग्रहाचा मार्ग ठरवायचा तर जुने वेध हाती हवेत. आणि ते होतेही. १६९० पासून कित्येकांनी त्याला तारा समजून टिपून ठेवले होते. पॅरिसच्या बूव्हार यांनी १८२१ साली युरेनसची कोष्टके रचली, तेव्हा जुने वेध आणि नवे वेध काही केल्या एका मार्गात बसेनात. मग त्यांनी जुने वेधच बाजूला सारले! जमाखर्च जुळेना म्हणून मागची वही अडगळीत टाकावी, तशातला हा प्रकार. थोड्याच वर्षांत ग्रह नव्या कोष्टकांनाही जुमानेनासा झाला. १८४५ च्या सुमारास फरक दीड-दोन कलांपर्यंत गेला. पूर्णचंद्राचे बिंब साधारण तीस कलांचे असते, त्यावरून हा फरक किती बारीक होता ते ताडावे. पण न्यूटनच्या नियमाने चालणाऱ्या गणिताला एवढी चूकही लाजिरवाणी होती.

कोणी म्हणाले, इतक्या दूरवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच ढिला पडत असेल. दुसऱ्यांना वाटले, युरेनसच्या पलीकडे कोणीतरी आहे आणि ते त्याला ओढते आहे. ही ओढ कशी चालते पाहा. आतला ग्रह जलद, बाहेरचा मंद. आतला मागून येत असतो तोवर बाहेरचा त्याला पुढे खेचतो, म्हणून तो जरा घाईने चालतो. एकदा का त्याने बाहेरच्याला मागे टाकले, की तीच ओढ त्याला मागून धरून ठेवते. युरेनसचे नेमके असेच झाले होते: १८२२ च्या आसपासपर्यंत घाई, पुढे रेंगाळणे. आता, ओढणारा ठाऊक असेल तर ओढीचा परिणाम काढता येतो. उलट बाजूने जाणे मोठे जिकिरीचे. परिणाम तेवढा समोर. ओढणाऱ्याचे वजन, अंतर आणि जागा, तिन्ही अज्ञात!

हे काम दोघांनी एकमेकांच्या नकळत हाती घेतले. केंब्रिजचा तरुण ॲडम्स ऑक्टोबर १८४५ मध्ये आपले उत्तर ग्रिनिचला राजज्योतिषी एअरी यांच्या घरी ठेवून आला. एअरींनी उलट एक शंका विचारली. ॲडम्सने तिला उत्तरच पाठवले नाही. पुढे केंब्रिजला चॅलिस यांनी शोध सुरू केला. ऑगस्ट १८४६ मध्ये दोनदा तो ग्रह त्यांच्या नोंदीत आला, पण नोंदी ताडून पाहायचे काम मागे राहिले, बरं का!

पॅरिसचे लव्हेरिए यांनी आपले गणित छापून प्रसिद्ध केले, तरी फ्रान्समध्ये कोणी नेटाने दुर्बीण वळवीना. तेव्हा त्यांनी बर्लिन वेधशाळेतील गाले यांना पत्र लिहिले. ते २३ सप्टेंबर १८४६ रोजी पोचले. वेधशाळेचे प्रमुख एन्के यांचा तो वाढदिवस. त्यांनी परवानगी दिली आणि ते घरी राहिले. गाले दुर्बिणीशी बसले, द'आरे नावाचा विद्यार्थी नकाशा घेऊन. बर्लिन अकादमीचा तो नवा, तपशीलवार नकाशा नसता तर काय झाले असते कोण जाणे. गाले एकेका ताऱ्याची जागा सांगत आणि द'आरे नकाशात पाही. एका ताऱ्यापाशी तो ओरडला, की हा नकाशात नाही! सांगितलेल्या जागेपासून तो एका अंशाच्याही आत होता.

मग इंग्लंड आणि फ्रान्समध्ये श्रेयावरून तंटा पेटला. ग्रिनिचचे यासंबंधीचे कागद पुढे गहाळ झाले आणि १९९८ साली चिलीत एका दिवंगत ज्योतिर्विदाच्या सामानात मिळाले. ते वाचल्यावर माझे मत लव्हेरिए यांच्याच बाजूने झुकते. ॲडम्सचे गणित खरे, पण त्याचे उत्तर हलत राहिले. जबाबदारी घेऊन एका जागेवर बोट ठेवले ते लव्हेरिए यांनी.

त्यांना दैवानेही हात दिला, हेही सांगितले पाहिजे. दोघांनीही ग्रहाचे अंतर फाजील धरले होते. लव्हेरिए यांच्या हिशेबाने ग्रहाची फेरी २१७ वर्षांची. प्रत्यक्षात ती सुमारे १६५ वर्षांची निघाली. त्या काही वर्षांपुरती मात्र कागदावरची जागा आणि खरी जागा जवळजवळ एक होती.

पुढे लव्हेरिए बुधाकडे वळले. बुधाची कक्षा हळूहळू फिरते, पण शतकात ३८ विकला जादा फिरते, असे त्यांनी १८५९ साली दाखवले. कारण? पुन्हा एक न दिसलेला ग्रह, या वेळी सूर्याजवळ. त्याच वर्षी लेस्कार्बो नावाच्या एका खेडेगावच्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना पाहिल्याचे कळवले. हा गृहस्थ आपली आकडेमोड फळीवर करी आणि मग रंध्याने तासून टाकी! लव्हेरिए स्वतः गावी गेले, कसून उलटतपासणी घेतली, आणि त्यांचा विश्वास बसला. ग्रहाला व्हल्कन नाव मिळाले. खग्रास ग्रहणांत त्याला शोधशोध शोधले. तो हाती लागला नाही. लव्हेरिए १८७७ साली वारले, तेही २३ सप्टेंबरलाच. १९१५ साली आइनस्टाइन यांनी दाखवले, की बुधाच्या बाबतीत कोणी ओढणारा नव्हताच. गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारायला हवा होता. युरेनसच्या वेळी जी शंका फोल ठरली, ती इथे खरी निघाली.

आपल्याकडेही एक नाव आहे. 'ज्योतिर्गणितम्'चे कर्ते व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली फ्रेंच ज्योतिष मंडळाच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडचे दोन ग्रह सुचवले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्म्याचे अंतर त्यांनी सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट आणि फेरी सुमारे २४२ वर्षांची सांगितली. १९३० साली प्लूटो सापडला: अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी २४८ वर्षांची. मात्र केतकरांची वाट निराळी होती. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत जो मेळ दिसतो, तो त्यांनी ग्रहांना लावून पाहिला. युरेनसच्या विचलनाचा त्यात आधार नव्हता. आणि प्लूटो इतका हलका निघाला, की युरेनसला ढळवण्याची त्याची ताकदच नाही. १९८९ साली व्हॉयेजर-२ यान नेपच्यूनजवळून गेले. त्यावरून नेपच्यूनचे वजन नेमके कळले आणि युरेनसच्या गतीत उरलेला घोळही मिटला. केतकरांचा विष्णू मात्र अजून कोणाला दिसलेला नाही.