रेडिओचं झाकण कुणी उघडलं?

माळ्यावरचा जुना लाकडी रेडिओ आठवतो? लावला की आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायचे, मग आवाज यायचा. कधी नुसतंच ‘घुंऽऽ’ ऐकू येई. आपण म्हणायचो, स्टेशन लागत नाही. दोष बहुधा आत असे. घरातली वीज सतत दिशा बदलते. रेडिओला एकाच दिशेची लागते. ते काम रेक्टिफायर व्हॉल्व्ह करी, उरलेले हेलकावे कंडेन्सर शांत करी. वर्षांनी कंडेन्सर सुकला, की घुं घुं सुरू! त्यात दोनशेहून जास्त व्होल्ट, तेही प्लग काढल्यावर काही वेळ टिकणारे. म्हणून तो खोका मेकॅनिकच उघडे.

१९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५४ मध्ये तिथे ट्रान्झिस्टरवरचा छोटा रेडिओ विकायला आला. पुढे तसे रेडिओ आपल्या गावात आले, दोन-चार सेलांवर चालणारे. शॉकची भीती नाही. आवाज बसला की आपणच झाकण काढायचो, सेल उन्हात ठेवायचो, स्प्रिंगवरचा गंज खरवडायचो. घरातलं एक यंत्र आपल्या हाताला कळू लागलं.

माळ्यावरचा रेडिओ मात्र गंमत म्हणून एकदम प्लगला लावू नका. आधी जाणकाराला दाखवा. आणि तो उघडेल तेव्हा शेजारी उभ्या राहा, विचारा!