हर्णै

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मासेमारी बंदर. समोरच्या खडकाळ बेटावर सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग, तर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला ही त्याच्या जोडकिल्ल्यांची साखळी आहे. बेटावर वस्ती नाही. तिथे जायचे तर गावातल्या होडीने जावे लागते, आणि होडी कधी सुटेल हे समुद्र ठरवतो. सुट्टी संथपणे घालवायला येणाऱ्यांना हर्णैत जे सापडते त्याचे मूळ समुद्रावरच्या या परावलंबनात आहे. गावाचा दिवस भरती-ओहोटीने आणि बोटी परतण्याच्या वेळेने बांधलेला असतो. सकाळी आणि संध्याकाळी नांगरलेल्या बोटींवरची मासळी छोट्या होड्यांतून व बैलगाड्यांतून वाळूवर येते. पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल यांचे ढीग मांडून बोली लागते. लिलाव उरकला की किनारा पुन्हा जाळी शिवणाऱ्यांचा आणि मासळी वाळवणाऱ्यांचा होतो. थोडक्यात, इथला निवांतपणा मासेमारीच्या आधाराने टिकला आहे, आणि ती मोडली तर तोही टिकणार नाही.

यावर पहिला आक्षेप गोंगाटाचा आणि वासाचा. तो खरा आहे, पण गोंगाट लिलावापुरताच असतो, आणि वाळत्या मासळीचा वास किनारा अजून कष्टकऱ्यांच्या हाती असल्याची खूण आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मासेमारीचे उत्पन्न बेभरवशाचे असताना कोळ्यांनी पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी जुन्या पद्धतीत अडकून का राहावे? तसे मुळीच राहू नये. पाण्यात उतरलेली बैलगाडी छायाचित्रात सुंदर दिसते, पण ती जेट्टीच्या अभावाची निशाणी आहे. वादळात बोटींना आंजर्ल्याच्या खाडीत आसरा शोधावा लागतो. सुसज्ज बंदराची मागणी म्हणूनच रास्त आहे, आणि तिने गावाची लय बिघडत नाही. ती बिघडते वाळूवरचा हक्क गेल्यावर. २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवरील विकासबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. रिसॉर्ट पाण्याजवळ सरकले तर जाळी पसरायला आणि होड्या ओढून ठेवायला जागा कुठली? त्याच अधिसूचनेने मच्छीमारांसह स्थानिकांना घरगुती निवासाची मुभा दिली आहे, आणि पर्यटनाचा पैसा गावात आणण्याचा हाच मार्ग मला योग्य वाटतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. समुद्रातली कमाई थांबते त्या दोन महिन्यांत पावसाळी पाहुणा घराला हातभार लावू शकतो. लिलाव मात्र त्याला दिसणार नाही, खवळलेल्या समुद्रामुळे सुवर्णदुर्गही लांबूनच पाहावा लागेल.

जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या किल्ल्यांच्या गटाचा भाग म्हणून सुवर्णदुर्गाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे गर्दी वाढेल असे मानूनच आखणी करायला हवी. बेटावरच्या फेऱ्या हर्णै आणि शेजारच्या पाजपंढरीच्या होडीवाल्यांकडे राहिल्या, तर वाढत्या गर्दीलाही समुद्राच्या वेळा पाळाव्या लागतील.