गोळी खरंच घेतली का? रक्तदाब, हृदय आणि एका ट्रायलची गोष्ट

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, 'पेशंट गोळी खरंच घेतो का, हे मोजायचं कसं.' समोरचा बहुतेक वेळा हसतो. यात संशोधन करण्यासारखं काय आहे? आज त्याचंच उत्तर देते, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२७ मार्च १९४४. अमेरिकेतल्या बेथेस्डा नौदल रुग्णालयात डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासलं. रक्तदाब १८६/१०८, हृदय मोठं झालेलं, चालताना धाप. उच्च रक्तदाबामुळे होणाऱ्या हृदयविकाराचं हे अगदी ठरलेलं चित्र आहे. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा खालचा डावा कप्पा (पाठ्यपुस्तकातली डावी जवनिका) जाड होतो, मग ताठर होतो, आणि शेवटी थकतो. फुफ्फुसात पाणी साचायला लागतं.

ब्रून यांनी डिजिटॅलिस दिलं, मीठ आणि सिगारेटी कमी करायला लावल्या, विश्रांती सांगितली. धाप कमी झाली. पण खुद्द रक्तदाब भरवशाने खाली आणेल असं औषध त्यांच्या हातात नव्हतंच. आणखी एक गंमत म्हणजे, तो खाली आणावा की नाही याबद्दलच डॉक्टरांचं एकमत नव्हतं. पॉल डडली व्हाइट यांच्यासारख्या मोठ्या हृदयरोगतज्ज्ञाने १९३१च्या आपल्या ग्रंथात अशी शंका घेतली होती की वाढलेला दाब ही शरीराने केलेली भरपाई असेल, तर तिला हात न लावलेलाच बरा. १२ एप्रिल १९४५ला मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले. त्या दिवशीचा दाब ३००/१९०च्याही वर होता.

आता मुंबईत या. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरचा एक अभ्यास छापला. औषध होतं आपली सर्पगंधा. तिच्या मुळीवर कलकत्त्यात सेन आणि बोस यांनी १९३१मध्येच लिहिलं होतं, पण ते देशाबाहेर फारसं कुणी वाचलं नाही. वकिलांचा लेख मात्र थेट लंडनच्या नियतकालिकात आला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं. (कुठे छापता यालाही किंमत असते, हे आवडो न आवडो, लक्षात ठेवा.)

इथे जरा थांबा. वकिलांनी काय दाखवलं? आकडा खाली येतो, हे. आकडा खाली आला म्हणून हृदय वाचतं का? हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे. आपण सिनॉप्सिस लिहिताना हीच गल्लत हमखास करतो: मोजायला सोपी गोष्ट मोजतो आणि निष्कर्ष मात्र माणसाबद्दल काढतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला १९६७ उजाडलं. एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मिळून ट्रायल केली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७३ जणांना औषधं, ७० जणांना प्लासिबो. औषधं तीन: हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझिन आणि सर्पगंधेतलंच रेसरपिन. गंभीर घटना प्लासिबो गटात २७, औषधाच्या गटात २. मृत्यू चार विरुद्ध शून्य. १९७०च्या दुसऱ्या भागात खालचा दाब ९० ते ११४ असलेले ३८० जण होते. त्यात हार्ट फेल्युअर प्लासिबो गटात ११ जणांना झालं, औषध घेणाऱ्यांत एकालाही नाही. रूझवेल्ट यांच्या आजारपणाचा ब्रून यांनी लिहिलेला वृत्तांतही १९७०मध्येच छापून आला. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचून बघा.

पण माझा जीव अडकलाय तो या ट्रायलच्या एका छोट्या युक्तीत. गट पाडण्याआधी सगळ्यांना काही काळ नुसत्या प्लासिबोच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्यात रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व मिसळलं होतं. ते लघवीतून बाहेर पडतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. लघवी चमकली नाही, गोळ्यांचा हिशोब लागला नाही, तारखेला माणूस आला नाही, की तो ट्रायलमधून बाहेर!

किती साधं! आणि किती महाग. कारण आता आकडे सांगतात ते फक्त गोळी घेणाऱ्यांबद्दल. 'नियमित घेतली तर औषध हृदय वाचवतं' हे सिद्ध झालं; पण जो माणूस नियमित घेत नाही त्याचं काय, हा प्रश्न ट्रायलच्या दाराबाहेरच उभा राहिला. फ्राइस यांना मी दोष देत नाही. पहिला प्रश्न आधी सोडवायचा तर दुसरा बाहेर ठेवावाच लागतो. फक्त तो बाहेर ठेवलाय हे आपण वाचताना विसरतो.

त्या बाहेरच्या माणसाकडे १९७९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने पाहिलं. १०,९४० स्त्री-पुरुष. अर्ध्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उरलेल्यांना खास केंद्रांत पायरीपायरीने औषध वाढवत, औषधं फुकट देत, पाठपुरावा करत सांभाळलं. पाच वर्षांत दुसऱ्या गटात मृत्यू १७ टक्क्यांनी कमी झाले. पहिल्या गटातही बऱ्याच जणांना औषधं मिळत होतीच, म्हणजे हा फरक नुसत्या औषधाचा नव्हता, मागे लागण्याचाही होता.

हे सगळं मी वाचत होते तेव्हा आमच्या घरी बाबांनी बीपीची गोळी बंद केली होती. 'बरं वाटतंय की आता,' एवढंच कारण. आम्हाला कळलं दीड वर्षाने, जिन्यात धाप लागायला लागली तेव्हा. इको रिपोर्टमध्ये डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली होती. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित घेता ना? बाबा म्हणाले, हो. मी शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले.

माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न तेव्हा 'तुम्ही गोळ्या नियमित घेता का?' हाच होता. घरी येऊन तो खोडला. आता मी पेशंटना रिकामी पाकिटं आणायला सांगते.